सांबारवडीची जोडरील

सांबारवडीवरून दोन सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलणं टाकू शकतात, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी बायको सुनंदा बेसा गावात, म्हणजे माझ्याच घरी. धाकटी मेहुणी वंदना पारशिवनीला. दिवाळीत वंदनाने सांबारवडीची रील टाकली (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये!) आणि खाली लिहिलं, 'माझी खास रेसिपी'.

"तिची? शिकवली कोणं तिले?" सुनंदा कडाडली. झालं, बोलणं बंद! पण इकडे फोन वाजला की ही आधी नाव बघायची, आणि तिकडून वंदना मला हळूच विचारायची, "भाऊजी, ताई बरी आहे ना? मी विचारलं म्हणून सांगू नका बरं!"

मला दोघींची दया आली आणि मी मध्ये पडलो. एकमेकींना क्लिपा पाठवून दोघींनी मिळून एकच रील करायची सोय असते, एवढं मला कळलं होतं.

"अवं, सारण तुहं, तळणं तिचं. बोलाचं कामच नाही! जोडतो मी," मी सुनंदाला म्हणालो.

"मले काय," ती म्हणाली, आणि नवी साडी नेसायला गेली.

घरी सुनंदाचं सारण शूट केलं, पारशिवनीला जाऊन वंदनाचं तळणं. क्लिपा एकापुढे एक लावल्या, वर गाणं चढवलं आणि मोठ्या ऐटीत दोघींच्या नावाने रील टाकून दिली. शूटिंग झाल्यावर दोन्हीकडे रेकॉर्डिंग थांबवायचं राहिलं होतं. आणि गाणं पहिल्याच क्लिपेच्या अर्ध्यात संपत होतं, हे मला नंतर कळलं!

चहाला उकळी यायच्या आत सुनंदा फोन घेऊन समोर उभी. "हे काय होय?"

फोनमधून तिचाच रडवेला आवाज आला, "वंदीसारखी पातळ पारी मले नाही जमत. काहून बोलून नाही राहिली माह्याशी?" त्यावर माझा, मायेने ओथंबलेला: "जाऊ दे वं. तिची वडी निस्ती तेल पिते. चव तुह्याच हाताले आहे!"

मग वंदना: "ताईचं नाव लिहाले पाह्यजे होतं मी, भाऊजी." आणि पुन्हा मी, तितक्याच मायेने: "रडू नको. तिची वडी म्हणजे वीट! चव तुह्याच हाताले आहे!"

मी फोन हिसकावून रील पुसायला गेलो. घाईत बोट घसरलं आणि रील सासरच्या ग्रुपवर गेली!

तेवढ्यात वंदनाचा फोन. मी गयावया केली, "वंदना, ऐक..."

"तुम्ही नाही. ताईले द्या."

सुनंदाने फोन कानाला लावला. दोघी मुसमुसायला लागल्या.

"वंदे, जेवली का वं?"

"नाही ना ताई. तू?"

मग एकदम हसू फुटलं. "वीट म्हणे!" "तेल पिते म्हणे!" तासभर हसल्या. मी स्वयंपाकघरात उभा राहून थंड चहा प्यायलो.

आता दोघींचा एकच चॅनल आहे आणि तो जोरात चालतो. सांबार निवडायचं काम माझ्याकडे. कॅमेऱ्यात माझे फक्त हात दिसतात, आवाज मुळातूनच बंद. परवा कोणीतरी खाली विचारलं, "ताई, इतका शांत गडी कुठून मिळाला?"

दोघींनी मिळून उत्तर दिलं, "घरचाच होय. आत्ताच शांत केला."