शिडीखालच्या चपला

ती फिर्याद आजही आठवते, कारण फिर्यादी ठाण्यातली खुर्ची रेशमी रुमालाने पुसून बसले होते.

वडील लष्करातून निवृत्त होऊन चंडीगडलाच राहिले, म्हणून मी साताऱ्याचा माणूस तिथल्या पोलिसात लागलो. फिर्यादींची तिथे चित्रांची गॅलरी होती. एका चित्रकर्तीने तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरले होते. त्याचे पंचवीसच छाप काढून प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक आणि सही केली होती. आता सात क्रमांकाचा छाप दोन घरांत लटकत होता, एका डॉक्टरकडे आणि एका बिल्डरकडे. दोघांनी गॅलरीवाल्यांनाच जाब विचारला, म्हणून ते ठाण्यात आले होते. गॅलरीवाल्यांनी फिर्यादीबरोबर चोराचे नावही आणले होते: शेजारच्या डेराबस्सी गावचा छपाई कारागीर. "जादा छापणार दुसरं कोण?"

दोन्ही छाप जप्त केले. पंचनाम्यात मी लिहिले, 'शिडीचे चित्र, नग दोन, हुबेहूब सारखे.'

कारागीर साठीचा, बोटे शाईने काळी.

"पंचवीस छापले, जनाब. सव्विसावा नाही."

"मग दुसरा सात आभाळातून पडला?"

"आकडा मी घालत नाही. सहीही नाही. मी फक्त यंत्राचं चाक फिरवतो."

दुपारी वरून फोन आला. "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

"पुरावा नाही, सर. हुकूम लेखी पाठवा, फाइलला लावतो."

फोन बंद झाला. लेखी मागितले की मोठ्या माणसांना एकदम दुसरे काम आठवते.

कारागिराचा जबाब वाचून त्याच्यापुढे सहीला ठेवला. तो म्हणाला, "ज्याच्यासाठी आत जायचं, ते एकदा बघू तरी द्या."

हे आम्हाला सुचलेच नव्हते. दोन्ही छाप टेबलावर मांडले. तो वाकला आणि हसायला लागला.

"जनाब, याच्या चपला कुठे गेल्या?"

आमचा हवालदार स्वतःच्या पायांकडे बघू लागला.

बिल्डरच्या छापात शिडीखाली चपलांचा जोड होता. डॉक्टरच्या छापात जमीन मोकळी. कारागिराने सांगितले, की चित्रकर्तीने चपला पत्र्यावर शेवटी कोरल्या. त्याआधी चाचणीचे दोनच छाप निघाले. एक तिच्याकडे राहिला, दुसरा फ्रेमच्या मापासाठी गॅलरीवाले घेऊन गेले.

चित्रकर्ती हवाई दलातल्या अधिकाऱ्याची पत्नी, मराठीच. स्वतःकडचा चाचणी छाप घेऊन आली. "अहो, चपलांशिवायच्या छापावर मी सही केलीच नाही. ही माझी नाही."

मग गॅलरीवाल्यांना बोलावले. "यांत फरक काय, सांगता?"

त्यांनी आकडे पाहिले, सह्या पाहिल्या, उजेडात धरून पाहिले. "कागद वेगळा आहे?"

मी चपलांवर बोट ठेवले. त्यांनी पाणी मागितले. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल पुढे आला, पण तो आकडा आणि ती सही कोणाची, हे मला त्या पाण्याच्या ग्लासातच कळले होते.

आता माझा पंचनामा चुकीचा ठरत होता. वरिष्ठ म्हणाले, "बदलून टाक. बचावाचा वकील सोलून काढेल."

मी बदलला नाही. पुरवणी पंचनामा केला: 'पहिल्या वेळी चित्र नीट न बघता सारखे असे लिहिले.' डॉक्टरांच्या सोफ्यामागच्या भिंतीवर ते चित्र वर्षभर होते. त्यांनीही आकडाच पाहिला होता. मी त्यांना हसू शकत नाही, कारण मी तर नीट बघण्याचा पगार घेऊन फसलो.

कोर्टात वकिलाने ते वाक्य तीनदा वाचले. "म्हणजे तुम्ही न बघता लिहिता?"

"त्या दिवशी लिहिलं. आणि तेही लिहून ठेवलं."

कारागीर साक्ष आटोपून मागच्या बाकावर बसला होता, काळी बोटे मांडीवर ठेवून. आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरेच कोणी उभे होते. या वेळी खुर्ची नव्हती, त्यामुळे रुमाल खिशातच राहिला.