साखरपुड्याचे कप

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता डोक्यातून गेल्या. सिन्नरजवळच्या एका गावातला तो साखरपुडा मात्र जात नाही. मी तेव्हा तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारचे दोन वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. मांडवात शिरलो तर सात माणसं सात ठिकाणी बसलेली, तोंडातून लाळ गळतेय, अंग घामाने निथळतंय. एका म्हाताऱ्याने चाचपडत माझा हात धरला. "बाबा, दिवा लाव ना. लय अंधार झालाय." पलीकडची बाई तेच म्हणत होती. डोळ्यांत पाहिलं तर बाहुल्या मोहरीएवढ्या.

म्हातारा नाशिकला नेताना वाटेतच गेला. तो घरमालकाचा थोरला भाऊ. बाकीचे सहा वाचले. फवारणीचं औषध पोटात गेलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. पातेलं, साखर, पत्ती, उरलेलं दूध सील करून प्रयोगशाळेत पाठवलं. वापरलेले प्लास्टिकचे कप आम्ही पोचायच्या आत उकिरड्यावर पेटवले होते. कार्य आटोपलं की कचरा जाळायचा, ही गावाची सवय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला कोडं वेगळंच पडलं होतं. शंभरेक माणसं एकाच पातेल्यातला चहा प्यायली आणि बाधा सातांनाच. त्या सातांत ना नातं, ना वैर. घालणाऱ्याने माणसं निवडली कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक स्वतः ठाण्यात आला. टोपी काढून समोर बसला. "साहेब, घरातली गोष्ट हाय, पण सांगतो. चहाचा ट्रे सुनेनं फिरवला. तिचं आन् माझ्या भावाचं पटत नव्हतं."

झालं. मला धागा मिळाला. सुनेला सकाळी बोलवायचं, दिवस मावळायच्या आत घरी सोडायचं, शेजारी महिला हवालदार. असे दोन दिवस गेले. पंचविशीतली मुलगी, पण डोळ्यांत पाणी नाही. जी बाई रडत नाही ती काहीतरी लपवते, असं मी तेव्हा समजायचो. स्वतःला फार शहाणा समजायचो, दुसरं काय!

"चहा मीच केला, मीच वाटला," ती म्हणाली. "आम्ही बायका शेवटी तोच प्यायलो, स्टीलच्या पेल्यांत. मग आम्हाला का नाही झालं?"

म्हणजे पातेल्यात नाही, ट्रेवरच्या कपांत टाकलं, असा अर्थ मी काढला आणि मनातल्या मनात तिला अटक करून मोकळा झालो.

चौकशीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती माझ्यासमोर बसली असताना फोन वाजला. तेच गाव, तेच घर. एक बाई ओसरीवर कोसळली होती आणि भर उजेडात दिवा मागत होती. ती या मुलीची आई होती, साखरपुड्याला येऊन तिथेच राहिलेली.

मी जीपने गेलो. सुतकात त्या घरात चूल पेटली नव्हती. अशा वेळी शेजारी चहा करून आणतात, तसा तो आणला होता. दूध दुसरं, पातेलं दुसरं, करणारी बाई दुसरी. जिच्यावर संशय तीही माझ्या ठाण्यात. तेवढे कप तिथले होते. ओसरीवरच्या पुड्यातला एक उचलून नाकाशी धरला. कांद्यावर मारतात त्या औषधाचा दबलेला वास होता.

"हे कप कुठले?" मी घरमालकाला विचारलं.

"शेडमधले. थोरल्या पोरीच्या लग्नात उरलेले. औषध मापायला बी त्यातलेच घेतो. पण राखेनं घासून, धुऊन परत पुड्यात ठेवतो, साहेब. चांगला कप टाकायचा कशाला?" कप एकात एक कसे बसवतो ते तो हाताने दाखवू लागला. मधेच हात थांबला.

पुढे प्रयोगशाळेनेही तेच कळवलं. पातेलं निर्दोष, विष कपांत. तेलकट औषध त्या पातळ प्लास्टिकमध्ये मुरतं, धुऊन पुरतं निघत नाही. वर उकळता चहा ओतला की सुटतं.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगतो. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "साहेब, कपांना वास येत होता. मी मामंजींना बोलले पण होते." मला ती पळवाट वाटली. जबाबात मी ते घेतलंच नाही. घेतलं असतं तर तो पुडा त्याच दिवशी सील झाला असता.

तिची आई पाचव्या दिवशी गेली. सासऱ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. माझ्यावर लावायला कलम नव्हतं.

त्यानंतर समोरचा बोलेल ते सगळं मी लिहून घ्यायला लागलो, खोटं वाटलं तरी. साहेब रद्दी जमवतात म्हणून हाताखालचे हसायचे. मी हसू दिलं.

संशय दूर झाल्याचं सांगायला मी तिच्या माहेरी गेलो होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई त्या दिवशी तुमच्याकडेच निघाली होती, मला सोडा म्हणून सांगायला. घोटभर चहा घेऊन जाते म्हणाली."