छातीवरचा हात

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढून मी बाकावर बसलो होतो. शेजारी हिंगणीकडचा एक मिरची पिकवणारा म्हातारा होता. ढेकर आला की तो आधी डोक्यावरची टोपी काढायचा, मग ढेकर द्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं, दोघांचंही हृदय चांगलं आहे, जळजळ पित्ताची आहे. मला सुटल्यासारखं झालं. तो मात्र उठेना.

"का हो, घरी नाही जायचं?"

"जाऊन काय सांगू भाऊ? छातीत दुखते म्हटलं तं पोरगं उशाशी बसते. पोटात दुखते म्हटलं तं म्हणते, बाबा, कमी खात जा."

तेव्हा मी हसलो. गोळ्यांनी माझी जळजळ थांबली. तरी संध्याकाळी मी छातीवर हात ठेवून बसायचो, आणि मुलगी अभ्यास टाकून जवळ येऊन बसायची. तिला हे अजून सांगितलेलं नाही.