मागची रांग

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी महिनाभर मोबाइलवर डोळे फोडत बसलो होतो. मायलेज, एअरबॅग, डिकी. शेवटी दोन गाड्या उरल्या: एक पाच सीटवाली, एक सात सीटवाली. मी, बायको, मुलगा आणि आई, आम्ही चौघं. सात सीट म्हणजे माझ्या मते निव्वळ मिरवणं. आईने मात्र एकच चौकशी केली, "किती माणसं बसतात?"

तिच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. धाकटा भाऊ नवघरला राहतो, पेणकरपाड्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. वडिलांच्या आजारपणात आम्ही दोघं हॉस्पिटलच्या जिन्यात एकमेकांना नको ते बोललो. तेव्हापासून चार वर्षं अबोला. तो, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि आम्ही चौघं, मोजून सात. आईला आम्हा दोघांना एका गाडीत बसलेलं बघायचं होतं.

सात सीटवालीच्या टेस्ट ड्राइव्हला ती हट्टाने आली आणि गुडघे दुखत असताना थेट मागच्या रांगेत शिरली.

"बसता येतं की रे नीट. पाय पण पसरता येतात."

पाय तिचे पोटाशी आले होते. मी चालवत होतो, शेजारी शोरूमचा माणूस. थोड्या वेळाने ती म्हणाली, "नवघरवरून घे ना. तिकडे रस्ता मोकळा असतो."

नवघरचा रस्ता कधी मोकळा असतो? तरी मी गाडी वळवली.

भाऊ बिल्डिंगच्या गेटवर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको आणि मुलगी. आईने फोन करून बोलावलं असणार.

"थांब जरा," ती मागून म्हणाली. "गाडी बघायला आलेत ते."

भावाने हात अर्धाच वर केला. माझं डोकं सणकलं. मला न विचारता परस्पर ठरवलं? मी ॲक्सिलरेटर दाबला.

"पिकअप बघितला ना सर?" शोरूमवाला खूश झाला.

मी पाच सीटवाली घेतली. कुणी विचारलं तर डिकी मोठी आहे म्हणून सांगतो. त्या दिवसाची मला लाज वाटते, पण भावाला फोन करायला हात धजत नाही. आईने नव्या गाडीपुढे नारळ फोडला, पण ती आत काही बसली नाही.

परवा नवघरला जायला निघाली होती. मी चावी घेतली, म्हटलं, "चल, सोडतो."

"नको. रिक्षा बरी," ती चपला घालत म्हणाली. "तू तिथे थांबत नाहीस."