दार दुसऱ्यांदा उघडतं तेव्हा

कॅन्सरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांचं दार प्रत्येक पेशंटसाठी दोनदा उघडतं. आधी पेशंटसकट, मग पेशंटला बाहेर बसवून.

समोरच्या बाकावरच्या आजोबांना मुलगा म्हणाला, "बाबा, बसा हं, पाणी घेऊन येतो," आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरला. आजोबांनी मांडीवरची बाटली उचलून मला दाखवली. "भरलेली आहे," ते म्हणाले.

इथे सगळेच हळू आणि गोड बोलतात. मला त्या गोडव्याचाच संशय येतो. एरवी खेकसणारी माणसं आपली उशी सारखी करू लागली, की समजावं, आपल्याबद्दल काहीतरी ठरलंय आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे. दुखणं एकाच्या अंगात असतं, त्याची बातमी मात्र घरभर वाटली जाते. ज्याचं दुखणं, त्याच्या वाट्याला फक्त शहाळं येतं.

माझ्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आज आला होता. मघाशी आम्ही दोघं आत गेलो, तेव्हा डॉक्टर "बघू या" एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "केळं खातेस का?" लग्नानंतर पहिल्यांदाच. मग तो उठला. "तू बस, गाडी नीट लावलीय का बघून येतो."

आम्ही रिक्षाने आलो होतो.

मी मागोमाग जाऊन दार ढकललं. डॉक्टर बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघून छान हसले.

"हसू नका, डॉक्टर," मी खुर्ची ओढत म्हटलं. "अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करा. माझ्याकडे बघून."