लटारूचं गाणं, धनराजची बहीण

लटारू तुमच्याशी का बोलत नाही, असं कोणी विचारलं की मी सांगतो, वय झालं, तिरसट झाला. हे साफ खोटं आहे. बासष्टाव्या वर्षीही लटारू निकुरेचं डोकं ठिकाणावर आहे. तिरसट झालोय तो मी.

मूल गावच्या बाजारामागे एक राइस मिल आहे. तिथं त्यानं उमेदीची सगळी वर्षं पाठीवर पोती वाहिली. आता पाठीनं दगा दिला म्हणून बसून पोत्यांची तोंडं शिवतो. दाभण आत-बाहेर होत असतं आणि ओठ हलत असतात. मिलवरच्या नव्या लोकांना वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. देवाचं नाव घेईल तो लटारू कसला. तो ओळी जुळवत असतो.

शिकला चौथीपर्यंत. पण बावीस वर्षं आमच्या खडी गंमतीच्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या तमाशाच्या, मंडळाची एकूण एक गाणी, सवालजवाब आणि सोंगं त्यानंच रचली. ढोलकीही तोच वाजवायचा. चालीसुद्धा त्याच्याच. तो गुणगुणायचा आणि मी ते सूर पेटीवर शोधायचो, एवढीच माझी मास्तरकी. तरी पंचक्रोशीत मला पेटीमास्तर म्हणत आणि मी ते म्हणू देत असे. गायचा धनराज वाढई. उंच, देखणा, फेटा बांधला की बाया वळून बघायच्या. त्याचा गळा असा की तो जे म्हणेल ते लोकांना खरं वाटायचं.

लटारूला एकच बहीण, रुखमा. गोंडपिपरीकडे दिली होती. एका चैत्रात मोहफुलं वेचायला सकाळीच जंगलात गेली आणि वाघानं नेली. सोबतच्या बायकांनी तिची टोपली तेवढी घरी आणली. लटारू वर्षभर त्याबद्दल कोणाशी बोलला नाही. मग एक दिवस गाणंच घेऊन आला. त्याचं शेवटचं कडवं असं होतं:

टोपली आली, चुंबळ आली, तू नाई आली घरी,
लटारू म्हने रुखमाबाई, वाट पाहू कोठवरी.

शेवटच्या कडव्यात शायराचं नाव घालायची आमच्याकडे रीत आहे. गाणं कोणाचं, ते त्यावरून कळतं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, भर दुपारी आम्ही ते पहिल्यांदा म्हटलं आणि तिथंच घोटाळा झाला. सोंगातल्या बावळट गड्याला कोणाचं नाव द्यावं, ही प्रत्येक मंडळाची डोकेदुखी असते. ज्याचं नाव द्याल तो भांडायला येतो. म्हणून लटारूनं त्या गड्याला स्वतःचंच नाव दिलं होतं. गाण्याच्या आधी मालकानं ‘लटारू’च्या कमरेत चांगल्या चार लाथा घातल्या होत्या. त्यानंतर धनराज गायला लागला, बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या, आणि ‘लटारू म्हने’ आलं तसा सगळा मंडप हसत सुटला. लटारूचा ढोलकीवरचा हात थांबला नाही. त्याचा चेहरा मात्र मला बघवला नाही.

मंडपामागं मीच त्याला म्हणालो, “धनराजचं नाव टाक ना बे त्या जागी. गाते तं तोच.”

लटारूनं ढोलकीच्या दोऱ्या आवळल्या. मग म्हणाला, “टाक. माही बहीन हसन्यावारी जाऊ नये.”

पुढच्या गावापासून ‘धनराज म्हने’ सुरू झालं. कोणी हसलं नाही, लोक ढसाढसा रडले. मग बाकीच्या गाण्यांतही तेच नाव बसत गेलं. लटारूनं सगळी गाणी एका जाड वहीत उतरवून काढली, तीही धनराजच्याच नावासकट. जे गायलं जातं ते लिहावं, असा त्याचा सरळ हिशोब. असा भोळेपणा फक्त आमच्या लटारूतच सापडतो.

मंडळ बंद पडलं. धनराज मुलाकडे राजुऱ्याला राहायला गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलानं ते गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं आणि लाखो लोकांनी पाहिलं. पेटीला मला बोलावलं होतं. मी लटारूला न सांगता गेलो. पडद्यावर नावं आली: गीत धनराज वाढई, संगीत चैतू लेनगुरे. चैतू लेनगुरे म्हणजे मी. ते नाव मी थांबवून थांबवून पाहिलं. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला होता.

लटारूनंही नातीच्या मोबाईलवर ते पाहिलं. नावं त्यानं वाचली आणि सोडून दिली. पण गाणं सुरू होण्याआधी धनराज कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला होता, “माही एकच बहीन होती, रुखमा,” आणि त्यानं डोळे पुसले होते. धनराजला बहीण नाही. चार भाऊ आहेत.

दुसऱ्या दिवशी लटारू मला सोबत घेऊन राजुऱ्याला गेला. पाणी प्यायला आणि सरळ मुद्द्यावर आला. “नाव तुझं राहू दे, धनराज. पन बहीन माही आहे. तेवढं सांग लोकायले.”

धनराज चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “इतकी वर्सं मी रडलो तिच्यासाठी. तू ढोलकी वाजवत होता, लटारू. रडलो मी. आता लोक इचारतेत, तुमची बहीन कशी होती. काय सांगू त्यायले? नव्हती म्हनू?”

त्यात लबाडी असती तर भांडता आलं असतं. तो खरंच बोलत होता. गाता गाता तो रुखमाचा भाऊ होऊन बसला होता आणि तिथून उठायला तयार नव्हता. लटारूनं चहा घेतला नाही. बसमध्ये मूल गाव येईपर्यंत एकच वाक्य बोलला, “यानं तिले पाह्यलंबी नाई कधी.”

मागच्या हिवाळ्यात कॉलेजच्या रंजीता मॅडम आल्या. झाडीपट्टीतली गाणी गोळा करून त्या पुस्तक काढणार होत्या, प्रत्येक गाण्याखाली ते रचणाऱ्याच्या नावासह. पुस्तकात छापलं की मिटलं, असं लटारूला वाटलं. त्यानं आपल्या अंगणात सतरंजी टाकली, त्याच्या बायकोनं, इंदुवहिनीनं, चहा केला. धनराजही राजुऱ्याहून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. लटारूनं वही पुढं केली. मॅडमनी पानं उलटली आणि त्या अडचणीत पडल्या.

“अक्षर तुमचं आहे, भाऊ. पण नाव सगळीकडे धनराजभाऊंचं आहे. दुसऱ्याचं गाणं कोणीही उतरवून घेऊ शकतं ना?”

मग लटारूनं काय केलं असेल? गायला. बसल्या बसल्या, पायावर ठेका धरून, घोगऱ्या आवाजात, शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालून. अंगणात कोणी हसलं नाही. ओळ एका मात्रेनंही इकडची तिकडे न होता बसली. धनराज खाली बघत होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, तुम्ही पहिल्यापासून मंडळात होतात. गाणं कोणाचं आहे?”

त्या दोघांखेरीज सगळं ठाऊक असलेला माणूस मी एकटाच होतो. ‘लटारूचं’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्यामागून दुसरा प्रश्न आला असता, चाल कोणाची? आणि मग चैतू लेनगुरेचं त्या पुस्तकात काय उरलं असतं? आयुष्यभर दुसऱ्याचे सूर शोधत बसलेल्या माणसाचं नाव कोण छापतं?

मी म्हणालो, “मंडळाचं आहे, म्याडम. सगळ्यायनं मिळून केलं.”

धनराजनं श्वास सोडला. इंदुवहिनी उठल्या आणि माझ्या पुढ्यातला कप घेऊन गेल्या. त्यात अजून अर्धा चहा होता.

पुस्तक उन्हाळ्यात आलं. गीत: धनराज वाढई. संगीत: चैतू लेनगुरे. खाली बारीक अक्षरात टीप होती, कवीने हे गीत आपल्या बहिणीच्या मृत्यूनंतर रचले. मला लाज वाटली, पण घरी पुस्तकाला कव्हर घातलं तेही मीच.

शेवटी राहवेना, तेव्हा एक प्रत घेऊन लटारूकडे गेलो. त्यानं ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं, टीपही वाचली. शिव्या देईल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. त्यानं विचारलं, “हे पुस्तक आनखी छापतेत का?”

“छापतेत, हे संपलं का मंग.”

वहीतून त्यानं एक कोरं पान फाडलं आणि पेन पुढं ठेवला. “मंग लिहून दे. तीनच ओळी. गानं कोनाचं, चाल कोनाची, बहीन कोनाची. म्याडमकडे मी नेऊन देतो.”

“चष्मा घरी राह्यला, लटारू. लिहून आनतो उद्या.”

चष्मा माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. लटारूनं तो पाहिला. “बरं,” म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मिलवरून जाताना मी हाक मारतो, तो पोतं शिवत राहतो. इंदुवहिनी बाजारात दिसल्या तर रस्त्याच्या पलीकडून जातात.

ते पान माझ्याकडे आहे. आठ महिन्यांत त्यावर पहिली ओळ लिहून झाली: गाणं लटारू निकुरेचं. दुसरी ओळ चालीची आहे. रोज चष्मा लावून बसतो आणि तिथंच उठतो. रुखमाची ओळ तिसरी आहे. तिच्यापर्यंत मी अजून पोचलेलोच नाही.