साहेबांचे पाय

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळा बाजार ‘बूटमास्तर’ म्हणतो. मास्तर कसले! उभ्या जन्मात स्वतःच्या बायकोच्या पायाचं माप न घेतलेला माणूस हा.

हा भाग पूर्वी साहेब लोकांच्या राहण्याचा. कमानींचे बंगले, रुंद व्हरांडे, मागे तबेले. साहेब बोटीत बसून गेले त्याला जमाना झाला. आता जज्जाच्या निजायच्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात आणि तबेल्यात माणसं रांग लावून कॉफी पितात. घोडे बरे होते, निदान पाणी पिताना स्वतःचे फोटो काढत नव्हते. अशाच एका व्हरांड्याखाली भाऊजींचं दुकान. दुकान कसलं, फळ्यांवर मांडलेले बासष्ट लाकडी पाय. ज्यावर चढवून बूट शिवतात ते साचे हे, त्यांना फर्मे म्हणतात. प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या साहेबाचं आडनाव शाईने लिहिलेलं. त्या लोकांचे बूट शिवले भाऊजींच्या वडिलांनी. भाऊजींनी एकही साहेब डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण दर रविवारी त्यांच्या पायांना तेल चोळायचं. सख्ख्या बापाचे पाय एवढे चेपले नसतील.

गिऱ्हाईक कुणीही असो, मापाने त्यातल्या त्यात जवळच्या साहेबाच्या फर्म्यावरच त्याचा बूट चढायचा. चावतो म्हणून बिचारा परत आला, की भाऊजी बूट उलटासुलटा करून चष्म्यावरून बघत सांगायचे, "बूट बरोबर आहे. तुमचा पाय चुकलाय." अशाने गिऱ्हाईक टिकतं होय?

ताईचा पाय तर जन्माचाच चुकलेला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, त्यामुळे बाजारातलं कुठलंच पायताण बसेना. चाळीस वर्षं रबरी सपाता घासत फिरली. त्यात साखरेचा आजार. यंदा सपातेच्या पट्ट्याने हाडाशी जखम झाली, ती काही भरेना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, मऊ चामड्याचे, पायाच्याच मापाचे बूट लगेच करून घ्या, हे घासणं थांबलं नाही तर अंगठा काढावा लागेल. ताई हसली म्हणे. घरातच बूटमास्तर, काळजी कसली!

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बायकांचा फर्मा आपल्याकडे नाही. सुताराकडून करून घ्या म्हटलं, तर असल्यातसल्या फर्म्यावर या दुकानात बूट चढत नाही म्हणाले. मी तिथेच चार गोष्टी सुनावल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच महिन्यात शेजारच्या शोरूमवाल्याने त्यांचं दुकान आपल्यात ओढून घेतलं. अट अशी, की फर्मे काचेच्या खिडकीत मांडायचे आणि भाऊजींनी चामड्याचा एप्रन बांधून सकाळी अकरा ते संध्याकाळी सात त्यांच्यापुढे बसायचं. शिवायचं काही नाही, नुसतं बसायचं. डोक्यावर पाटी, ‘साहेबांच्या काळापासून’. पाटी वाचूनच मास्तर विरघळले. कुणी खिशात घालू नये म्हणून फर्मे स्क्रूने फळीला पक्के केलेले, आणि हातोडी, आरी, टेप सगळं गोंदाने टेबलाला चिकटवलेलं. लोक काचेबाहेरून फोटो काढायचे आणि हे मान वाकडी करून पोज देत बसायचे. मला लाज वाटायची, यांना नाही.

जखम काळी पडायला लागली तेव्हा ताई मला घेऊन तिथे गेली. थेट काचेच्या आत शिरली, समोरच्या स्टुलावर बसली आणि पट्टी बांधलेला पाय त्या टेबलावर ठेवला.

"माप घ्या," ती म्हणाली. "पुन्हा येईन तेव्हा मापाला अंगठा नसेल."

भाऊजींचा हात सवयीने टेपकडे गेला. टेप हलली नाही. बाहेर भराभर फोन वर झाले, लोकांना वाटलं हाही खेळच. शोरूमवाला तर खूश होऊन म्हणाला, झकास, हे रोज पाच वाजता करत जा.

भाऊजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताईचा पाय दोन्ही हातांत घेतला, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. पट्टीभोवती बोट फिरवलं, वीत लावून पाहिली. मग उठले आणि फळीवरचा जज्जसाहेबाचा पाय स्क्रूसकट उपटला.

"टाच तासायची," ते म्हणाले, "आणि हाडाच्या जागी चामड्याचा तुकडा चढवायचा. एका दुपारचं काम."

म्हणजे येत होतं या माणसाला! चाळीस वर्षं येत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ताईचा पाय टेबलावरून उतरवायला वाकलो.

फर्मा खरंच एका दुपारात झाला. बूट शिवून व्हायला आठ दिवस लागले. सहाव्या दिवशी ताईचा अंगठा काढला.

दोन महिन्यांनी तिने ते बूट घातले, भिंतीला धरून या खोलीतून त्या खोलीत गेली आणि उजवा जरा ढिला होतो म्हणाली. पाय चुकलाय म्हणायची मास्तरांची या वेळी छाती झाली नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसून ते उजव्या बुटातल्या रिकाम्या जागेत बोटाने कापूस दाबत राहिले.